अर्धा अंगठा

“अर्धा ठसा म्हणजे ठसाच नव्हे. पुन्हा काढा.”

हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणत, देव जाणे. वाचनालयाचा शिक्का एखाद्या पानावर जरा फिका उठला, की ते पुस्तक खिडकीशी नेत, चष्मा कपाळावर सारत, पान उजेडाला तिरपं धरत आणि नाक मुरडत. एकदा शेजारचे गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. पत्रिकेत नवरीच्या नावाचं शेवटचं अक्षर पुसट उठलं होतं. यांनी अक्षता घेतल्या आणि पत्रिका परत केली. “आमंत्रण पोचलं. पत्रिका दुसरी आणा.” ते गृहस्थ मुकाट्याने दुसरी घेऊन आले. धंदा पुस्तकं शिवायचा, पण साताऱ्याच्या त्या गल्लीत त्यांचा तसा दराराच होता.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. मी अजूनही म्हणते. रागाच्या भरात कितीदा ‘तो’ म्हणून बघितलं, पण जीभ वळत नाही. माणसाने केसाने गळा कापला तरी तोंडातली सवय सुटत नाही, त्याला काय करायचं?

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, मोठा दुष्काळ सरल्यानंतरची. मी सांगलीच्या एका जुन्या वाचनालयात सहायक ग्रंथपाल होते. सहायक म्हणजे पुस्तकं द्यायची-घ्यायची, झुरळं मारायची आणि समितीच्या सभेला चहा सांगायचा. फाटकी पुस्तकं शिवायला पाठवणं हेही माझ्याकडेच. तुम्ही म्हणाल, सांगलीत बाइंडर नव्हते? होते की, ढिगाने होते. पण ते पुस्तकं टाचत, काका शिवत. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी मी पुस्तकांचं गाठोडं घेऊन सातारची एसटी धरायची. कराडला चहा घ्यायचा आणि ऊन डोक्यावर यायच्या आत राजवाड्यामागच्या त्यांच्या खोलीत हजर व्हायचं.

खोलीत शिरलं की पहिला हुकूम सुटे, “हात धुवा बाई.” मग बसायचं. खळीचा वास, भिंतीशी पुस्तकं दाबायचे दोन शिकंजे, सुया, दाभण, दोऱ्याची रिळं. आणि एका कोपऱ्यात, जुन्या धोतराने झाकलेली, छपाईच्या खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची, दोन लाकडी खानी, छापायचं एक छोटं हातमशीन आणि जुन्या कागदाचे गठ्ठे. त्या कोपऱ्याकडे कुणी बघितलेलंही त्यांना खपत नसे. काकू सुद्धा तिथे केर काढताना विचारून काढत.

पुस्तक कसं शिवतात ते मला त्यांनी शिकवलं. पानांच्या घड्या कशा घालायच्या, दोरा कुठून आत न्यायचा, गाठ कुठे दडवायची. माझे वडील मी लहान असतानाच गेले. मला हाताला धरून काही शिकवलेलं असं आठवणारं माणूस म्हणजे काकाच. माझी गाठ चुकली की म्हणायचे, “उसवा. लाजायचं नाही. उसवायला ज्याला येतं त्यालाच शिवायला येतं.” मी तशी तोंडाची फटकळ, समितीच्या अध्यक्षांनाही उलट बोलायची. पण काकांनी दहादा उसवायला लावलं तरी मी ब्र काढत नसे.

त्यांचा खरा अभिमान मात्र बाइंडिंगचा नव्हताच. तरुणपणी ते जवळच्या एका छोट्या संस्थानाच्या छापखान्यात जुळारी होते. एकेक खिळा उचलून ओळी जुळवायच्या, हे त्यांचं काम. इंग्रजांचं राज्य असतानाच त्या संस्थानच्या राजाच्या मनात आलं, की आपला कारभार रयतेच्या हाती द्यावा. राज्यघटना लिहिली गेली आणि ती छापायला आली.

“चोवीस पानं,” काका सांगत. “दुसरा जुळारी तापाने पडलेला. एकट्याने जुळवली. राजेसाहेब स्वतः छापखान्यात आले. ते उभे, मी बसलेलो! म्हणाले, उठू नकोस, ओळ मोडेल.”

हे सांगताना ते दरवेळी हातातली सुई खाली ठेवत. मीही हातातलं काम थांबवायची. दरवेळी ऐकलेलं असलं तरी.

गावागणिक एक प्रत गेली. पुढे संस्थान विलीन झालं, छापखाना मोडला, मोडीत निघालेले खिळे आणि उरलेला कागद काकांनी घरी आणला. पण त्या घटनेची एकही प्रत त्यांच्याकडे नव्हती.

“तुम्ही ठेवून नाही घेतली एक?” मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते हसले होते. “जुळाऱ्याला कोण प्रत देतं? आचाऱ्याचं पान पंगतीत मांडतात का?” मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, “मरायच्या आधी एकदा हातात यावी, एवढंच आहे.”

झालं. मी मनाशी ठरवून टाकलं, ही प्रत काकांच्या हातात द्यायची. कुणी सांगितलं होतं मला? कुणी नाही. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा असला की असंच सुचतं.

वर्षभर मी येईल त्या वाचकाला विचारत होते. शेवटी सुट्टीत सांगलीला येणारे माणदेशातले एक शाळामास्तर म्हणाले, “आमच्या गावात बिरोबाच्या पेटीत एक कायद्याची पोथी आहे. जत्रेत बाहेर काढतात.” पुढच्याच रविवारी मी विट्याची एसटी धरली. तिथून दुसरी गाडी आणि पुढे दोन कोस चालत. धनगरांचं गाव. निम्मी माणसं मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरलेली.

देवाची पेटी ज्यांच्या घरी होती त्या म्हाताऱ्या बाईंना सारं गाव आक्का म्हणे. त्यांचे सासरे त्या काळचे पंच. राजाच्या घटनेप्रमाणे गावाने पहिले पाच पंच निवडले, त्यातले पहिले. आक्कांनी पेटी उघडली. देवाचा चांदीचा मुखवटा, भंडाऱ्याची पिशवी, आणि घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली ती चोवीस पानं. उघडली तशी हळद भुरभुरली. दरसाल जत्रेत भंडारा उधळायचा तो या पानांवरही पडायचा, आणि कुणी तो झाडायचा नाही, अशी रीत. कागद पिवळा, शिवण सुटलेली, पण छपाई! काळीभोर, प्रत्येक अक्षर ठसठशीत. काकांच्या हातचं काम मी हजारांत ओळखलं असतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

शेवटच्या कोऱ्या पानावर काळ्या शाईत पाच अंगठे होते. आक्का त्यांवरून बोट फिरवत कुणाचा कुठला ते सांगत होत्या. मी ‘हं, हं’ करत होते. माझं सगळं लक्ष खिळ्यांकडे. आज त्या ‘हं, हं’ची आठवण आली की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

“जत्रंत ही चावडीवर वाचत्यात,” आक्का म्हणाल्या. “मामंजींच्या अंगठ्यावर मी डोस्कं टेकते. राजानं लिवून दिलंया बाई, गाव गावाचं. आता राजा न्हाई, संस्थान न्हाई. पर लिवल्यालं तर हाय का न्हाई?”

मी म्हटलं, ज्यांनी ही जुळवली तो माणूस अजून आहे. त्यांना दाखवते, शिवूनही आणते. आक्कांनी पानं एकावर एक नीट लावली आणि माझ्यापुढे धरली.

“न्हे. पर जत्रंच्या आत आण. आन् आतला भंडारा झाडू दिऊ नगंस.” मग त्यांनी बेलाची पानं आणि चिमूटभर भंडारा पुढे केला. “उचल बेल-भंडारा.”

मी बी. ए. झालेली, चार चांगली पुस्तकं वाचलेली बाई. असल्या शपथांना हसणारी. पण त्या घरात, त्या मुखवट्यापुढे हसू आलं नाही. उचलला. ‘जत्रेच्या आत आणीन’ म्हणाले. आमच्या वाचनालयाच्या दप्तरात या प्रतीची एका शब्दाने नोंद नव्हती. ती माझ्या शब्दावर आली होती, फक्त माझ्या.

काकांपुढे मी ती ठेवली तो दिवस मला लख्ख आठवतो. त्यांनी हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. प्रत बराच वेळ उघडलीच नाही, नुसता तळवा तिच्यावर ठेवून बसले. मग पहिलं पान उघडलं आणि चष्मा न लावता घडघडा म्हणायला लागले. मजकूर त्यांना पाठ होता. चौथ्या-पाचव्या ओळीला आवाज फुटला आणि काकू आतून धावत आल्या. मलाही रडू आलं. आयुष्यात एखादंच काम आपल्या हातून असं होतं, असं त्या दिवशी वाटलं होतं.

शेवटच्या पानाशी आल्यावर मात्र ते पान सवयीने खिडकीकडे गेलं. “हा पहिला नीट उठलेला नाही. शाई कमी पडली.”

मी हसले. “काका, राज्यघटनेतही खोट काढता?”

“ठसा तो ठसा,” ते म्हणाले. मग शिवण चाचपून म्हणाले, “टाके गेलेत. ठेवून जा. जत्रेच्या आत देतो. आणि पुढच्या खेपेला पावशेर हळद आणा, सांगलीची. इथे भेसळ फार.”

पावशेर कशाला, मी अर्धा किलो नेली. पेठेत पारखून घेतलेली, सगळ्यात चांगली. काकूंच्या हातात देताना मला कोण आनंद झाला होता! काकूंना कशाला हळद मागवली ते ठाऊक नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने सांगते.

जत्रेआधी आठ दिवस प्रत तयार होती. शिवण अशी, की दोरा दिसू नये. “भंडारा झाडला नाहीत ना?” मी विचारलं. “बघा की,” म्हणाले. पानापानात हळद होती. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले होते. आपण मोठी माणसं संकोचाने असं करतात म्हणून सोडून देतो.

जत्रेला मी स्वतः प्रत घेऊन गेले. ढोल, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं, चावडीपुढे गर्दी. शाळामास्तर पोथी वाचायला सज्ज. त्याआधी आक्का पुढे आल्या, शेवटचं पान उघडलं, पहिल्या अंगठ्यावर बोट ठेवलं आणि डोकं टेकवायला वाकल्या. वाकल्या तशाच थांबल्या. सरळ झाल्या. पुन्हा बोट ठेवलं.

“बाई, ही आमची न्हवं.”

मी म्हटलं, असं कसं आक्का, मी स्वतः नेली, स्वतः आणली. शिवल्यामुळे वेगळी वाटत असेल. हाच कागद, हीच अक्षरं. मी पुस्तकांत जन्म काढलाय.

“अक्षरं तुला ठावं,” आक्का म्हणाल्या. “आमच्या मामंजीचा अंगठा निम्मा हुता. मेंढरं कातरताना कातर लागली, टोक गेलं. तुला सांगितलं हुतं की मी. आन् हितं बघ. अख्खा! मेल्या मानसाचा अंगठा परत उगावला व्हय?”

मी बघितलं. पाच अंगठे. पाचही पुरे, काळे, रेघ न् रेघ उठलेली. एकातही खोट नव्हती. ढोल कुणीतरी थांबवायला सांगितला. आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. मी नेलेल्या हळदीसकट.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा म्हणाला, “आरं, शिकल्याली बाई हाय, तिनंच इकली आसंल.” आक्कांनी त्याला हाताने गप्प केलं. “तिनं केलं म्हनत न्हाई मी. तिच्या हातनं झालंय.” मग ती चोवीस पानं माझ्या हातात परत ठेवली. “ही तुझी. घिऊन जा.” त्या वर्षी चावडीवर काही वाचलं गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी साताऱ्याला. हात धुतले नाहीत. पोथी त्यांच्या पुढ्यात आपटली आणि विचारलं, “अंगठे कुणाचे?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नाकारतील, ओरडतील असं वाटलं होतं. तसं काही नाही. “चार गल्लीतल्यांचे. पहिला माझा.”

“तो अर्धा होता काका. त्या माणसाचा अंगठाच अर्धा होता.”

त्यांचा चेहरा असा झाला, की मी तो कधी विसरणार नाही. चोरी पकडली गेल्याचा नव्हता तो. काम चुकल्याचा होता. “मला वाटलं, नीट उठला नाही,” ते पुटपुटले. “म्हटलं, आता करतोच आहोत, तर तेवढा तरी…”

ऐकताय ना तुम्ही? लोक चोरी करताना पुरावा लपवतात. आमच्या काकांनी चोरीतही मुद्रितशोधन केलं!

मग कळलं ते असं. मुंबईचा जुन्या पुस्तकांचा एक व्यापारी त्यांच्याकडे अधूनमधून शिवणीचं काम आणायचा. त्याने ती प्रत मेजावर बघितली. असली छापील राज्यघटना, पहिल्या छपाईची, कुठेही मिळत नाही म्हणाला. आणि काकांनी धोतर बाजूला करून खानी उघडली. तोच कागद, तेच खिळे, तेच हात. चोवीस पानं दुसऱ्यांदा जुळवली. पहिल्यांदा गावांना राज्य द्यायला जुळवली होती, आणि आता त्यातल्या एका गावाचं उचलून न्यायला.

“तीच आहे ती, बाई,” ते म्हणाले. “मीच केलेली. मग खरी कुठली आणि खोटी कुठली?”

“हे आक्कांना येऊन सांगा.”

“तिथे काय होत होतं तिचं? हळदीत लोळत होती. एकाला वाचता येत नाही त्या गावात.”

“ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ओळखली,” मी ओरडले. “मला वाचता येतं. मला नाही ओळखू आली. कारण मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता!”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काका खाली बघत होते. मान वर न करता म्हणाले, “काचेच्या पेटीत राहील म्हणाला तो. आणि त्याच्या छापील यादीत माझं नाव घालतो म्हणाला. जुळणी अमक्याची, असं. चाळीस वर्षं लोकांची नावं जुळवली, लोकांची पुस्तकं शिवली बाई. माझं नाव एकदा सुद्धा नाही.”

पैशाचं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. पैशाला भुललेल्या माणसाला शिव्या देता येतात.  काकूंनी चहा आणला, तो तसाच ठेवून मी निघाले. त्या घरात न घेतलेला तो माझा पहिला चहा. बनावट प्रतही तिथेच टाकली. एसटीत कराडपर्यंत रडले आणि कराडच्या पुढे स्वतःलाच शिव्या दिल्या. प्रत मी शोधली, मी आणली, हळद सुद्धा मी पुरवली. आपल्याकडे म्हणतात ना, विश्वास पानिपतात गेला. आमचा साताऱ्यात गेला.

दीड-दोन महिन्यांनी त्या व्यापाऱ्याची यादी वाचनालयात टपालाने आली. वाचनालयांना असल्या याद्या येतच असत. तिसऱ्या पानावर ती होती. विक्रीस : संस्थानी राज्यघटना, पहिली छपाई, अत्यंत दुर्मिळ. शेवटच्या कोऱ्या पानावर ग्रामस्थांचे पाच अंगठे, पैकी एक अपूर्ण. प्रत स्वच्छ.

‘स्वच्छ’ म्हणजे भंडारा झाडलेला. मी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. राजाचं नाव होतं, संस्थानाचं होतं, छापखान्याचं होतं. जुळाऱ्याचं कुठेच नव्हतं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? खूप बरं वाटलं. व्यापाऱ्याला मी पत्र पाठवलं, त्याचं दोन ओळींत उत्तर आलं, की प्रत गेली, ग्राहकाचं नाव सांगण्याची पद्धत नाही. समितीपुढे जावं तर प्रत आमच्या दप्तरी कधी नव्हतीच. मग मी यादीतला तो तुकडा कात्रीने कापला, पाकिटात घातला आणि काकांना धाडला. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. अपूर्ण अंगठ्याखाली आणि नाव नसलेल्या जागी लाल पेन्सिलीने रेघ मारली, तेवढी मात्र मारली.

त्यानंतर मी साताऱ्याला गेले नाही. आमची पुस्तकं सांगलीतच टाचली जाऊ लागली आणि वर्षाच्या आत सुटू लागली. वाचक कुरकुरले की मी त्यांच्यावर खेकसायची. आक्कांच्या गावाला जायची हिंमत मला होत नव्हती. तिकडचे शाळामास्तर वाचनालयात आले, की मी आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जायची.

तीन वर्षांनी काकूंचं पोस्टकार्ड आलं. काका गेले. दिवस होऊन गेल्यावर एकदा येऊन जा, तुमच्या नावाने काही ठेवलंय.

जाऊ नये असंच वाटत होतं. गेले. खोलीत खळीचा वास नव्हता. कोपऱ्यातलं धोतर घडी करून ठेवलेलं, खानी रिकामी. शेवटच्या वर्षात त्यांनी खिळे मोडीत घातले, काकू म्हणाल्या. मग त्यांनी एक पुडकं माझ्या हातात दिलं. मी सवयीने हात धुतले आणि ते उघडलं.

आत साध्या कागदाचे पाच-सहा ताव होते. दोन्ही बाजूंनी अंगठेच अंगठे. सगळे अर्धे. कुठे कागदाची पट्टी लावून टोक झाकलेलं, कुठे शाई पुसून घेतलेली. काही नुसते कापल्यासारखे सरळ, काही जखम भरून आलेल्या कातडीसारखे वेडेवाकडे. ज्या माणसाने जन्मभर अर्धा ठसा चालू दिला नाही, त्याने बसून शे-दोनशे अर्धे ठसे काढले होते. त्यांच्याखाली त्या जुन्या कागदाचं एकच सुटं पान होतं. पाच अंगठे, पैकी पहिला अर्धा, अगदी हुबेहूब. मी टाकून आलेल्या त्या बनावट पोथीत लावायला केलेलं. ती पोथी मात्र पुडक्यात नव्हती, आणि असती तरी गावाने कुठे घेतली असती?

आणि एक पुडी. वर्तमानपत्राच्या कागदाची, दोऱ्याने बांधलेली. वर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मूळ प्रतीतला भंडारा.’ पानं विकण्यासाठी झाडताना त्यांनी तो खाली पडू दिला नव्हता. गोळा करून जपून ठेवला होता.

चिठ्ठी नव्हती. मी खूप शोधली. काकू म्हणाल्या, “ते लिहायला बसायचे. पण लिहिलं नाही काही.” मी काकूंच्या हातचा चहा घेतला आणि निघाले.

तिथून सांगलीला न जाता मी सरळ माणदेशची गाडी धरली. आक्का थकल्या होत्या, अंगणात उन्हाला बसल्या होत्या. मला ओळखलं. ‘ये’ म्हणाल्या नाहीत, ‘जा’ ही म्हणाल्या नाहीत. मी आधी ते सुटं पान पुढे केलं. त्यांनी पहिल्या अंगठ्यावर बोट ठेवलं, लगेच उचललं.

“कुनाचा ह्यो?”

“त्यांचाच. ज्यांनी नेली. गेले ते.”

आक्कांनी पान उलटंसुलटं बघितलं. “लय कष्ट घेतलं की,” त्या म्हणाल्या आणि पान माझ्याकडे परत दिलं.

मग मी पुडी दिली. त्यांनी दोरा सोडला, चिमूट नाकाशी नेली. डोळे मिटले. लोकरीचा, उदाचा, पेटीतला कुठला कुठला वास त्यांना त्यात लागला असेल, मला काय कळणार? उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या. पेटी उघडली. मुखवट्याशेजारी घोंगडीचा तुकडा रिकामा घडी करून ठेवलेला होता. पुडी त्यांनी त्यात गुंडाळून ठेवली. उरलेली चिमूट माझ्या कपाळाला लावायला हात वर केला आणि मध्येच थांबवला. मग ती देवाच्या मुखवट्यालाच लावली.

“पोथी कुटं हाय?” त्यांनी पाठमोरंच विचारलं.

“ठाऊक नाही आक्का.”

आक्कांनी पेटीचं झाकण लावलं.

“निम्मी शपत फिटली तुझी,” त्या म्हणाल्या. “निम्मी ऱ्हाऊ दे अंगावर.”